खोट्या मित्रांचा तास

फ्रेंच म्हटलं की सोलापुरात माणसाला दोनच गोष्टी आठवतात, एक पॉलिश आणि दुसरी दाढी. चंद्रिका बिराजदारला याची सवय पार करमाळ्यापासून होती. बी. ए. ला फ्रेंच घेतलं म्हणून ती पेढे द्यायला काकांच्या सायकल दुकानात गेली, तेव्हा काकांनी चाकाची तार पिळता पिळता विचारलं होतं, "मंजे फर्निचरचं काम का काय?" तेव्हा ती पोट धरून हसली होती. पुढं जन्मभर तोच विनोद वेगवेगळ्या तोंडांतून ऐकताना ती हसत राहिली, पण त्या हसण्यात काही राम उरला नाही.

खरं तर हा विषय तिनं निवडलाच नव्हता. अकरावीला सोलापूरला आली तेव्हा संस्कृतचा वर्ग भरून गेला होता. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "फ्रेंच टाकू? मार्क पडतात." तिनं टाका म्हटलं. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या भाषेत माणसं लिहितात पुष्कळ आणि बोलतात निम्मंच, शब्दाचं शेपूट गिळूनच टाकतात. तिचे वडील असेच बोलायचे. त्यामुळं असेल, किंवा शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या म्हणून असेल, तिला ती भाषा आपली वाटायला लागली. मग तिनं बी. ए. केलं, पुण्याला जाऊन एम. ए. केलं, आणि आता ही पोरगी परदेशात जाणार असं घरच्यांना वाटत असतानाच तिचं लग्न ठरून ती पुन्हा सोलापुरात आली.

नवरा सोमशेखर रेल्वेत. आता तो मालगाडीचा लोको पायलट आहे, दोन दिवस वाडीला तर दोन दिवस दौंडला. चंद्रिका कॉलेजात लागली ती तासिका तत्त्वावर आणि आजही ती तासिका तत्त्वावरच आहे. म्हणजे तास चालू असेपर्यंत तुम्ही प्राध्यापक; घंटा झाली की कुणी नाही. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघते आणि दर एप्रिलमध्ये तुमचा नोकरीशी काही संबंध उरत नाही. सुरुवातीची काही वर्षं तिनं परमनंट होण्याची वाट पाहिली. पुढं तिनं वाट पाहायचं सोडलं, हे तिलाही फार उशिरा कळलं.

विषय मात्र ती मन लावून शिकवायची. संस्कृतीच्या पेपरला फ्रान्सचे वाइनचे प्रांत असतात. लिंगायताच्या घरातली ही बाई, जिच्या सात पिढ्यांत कुणी बाटलीला हात लावला नाही, ती नकाशावर बोट ठेवून सांगायची की इकडची तांबडी, तिकडची पांढरी, ही जेवणाआधी, ती जेवणानंतर. पोरं गालात हसायची. 'पँ' या शब्दाला ती पाव म्हणू द्यायची नाही. पाव आपण चहात बुडवतो, ती म्हणायची, त्यांचा पँ म्हणजे आपली भाकरी. त्यांच्यातही माणूस पोटासाठी पँच कमावतो. सोलापूरच्या पोरांना हे पटायचं, कारण इथल्या कडक भाकरीसारखा तोही वाळून खडखडीत होतो म्हणे. म्हणे, कारण मॅडमनी तो पाहिला होता फक्त पुस्तकात.

"मॅडम, पॅरिसला गेलाय का?" हा प्रश्न दरवर्षी पहिल्या तासाला यायचा. ती नाही म्हणायची. मग वर्गावर जी शांतता पसरायची तीही तिच्या सवयीची झाली होती. अलीकडं त्यात भर पडली मोबाईलची. परिच्छेदावर फोन धरला की तो क्षणात भाषांतर करून देतो, आणि समोरचं पोरगं तिच्याकडं असं बघतं की मग तुम्ही कशाला. या प्रश्नाचं उत्तर ती पूर्वी हिरिरीनं द्यायची. आता म्हणायची, "बंद कर तो फोन," आणि पुढं जायची.

हे सगळं चाललं होतं तसंच चाललं असतं. पण दिवाळीत सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं.

सासूबाई म्हणजे गुरम्मा. होटगीला स्टेशनामागं त्यांचं जुनं बैठं घर. सासरे रेल्वेच्या गँगमध्ये होते. ते गेल्यावर गुरम्मा तिथं एकट्याच राहायच्या. लेक मायाक्का गावातच चार गल्ल्या सोडून दिलेली, त्यामुळं त्यांना कुणाची गरज नव्हती. सोलापूरला त्या पाहुण्यासारख्या यायच्या आणि तिसऱ्या दिवशी कोंबड्याच्या आधी पिशवी भरून तयार असायच्या. घरात आपापसांत कन्नड. पण लग्नाच्या दिवशीच गुरम्मांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "सूनबाईम्होरं कानडी बोलायचं न्हाय. तिला वाटंल तिच्याच पाठीमागं बोलत्यात." आणि हा नियम त्यांनी स्वतः इतका कडक पाळला की चंद्रिका खोलीत आली की चाललेलं वाक्य त्या मध्येच तोडून मराठीत पुरं करायच्या. त्यांचं मराठी खडबडीत होतं, पण तिच्यासाठी त्या ते बोलायच्या. नावानं त्यांनी तिला कधी हाक मारली नाही. कायम सूनबाई.

या मायेचा परिणाम असा झाला की जन्मभर परक्या देशाची भाषा शिकवणाऱ्या चंद्रिकाला घरातली भाषा आली नाही. पाणी, पुरे, नको एवढे चार शब्द यायचे, तेही भाजीवाल्या बायकांकडून उचललेले. कुणी शिकवलं नाही आणि तिलाही कधी गरज पडली नाही.

वारं गेलं आणि गुरम्मांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली. दवाखाना जवळ म्हणून त्यांना सोलापूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा येणाऱ्या माणसाचं कधीकधी असं होतं, मागाहून शिकलेली आधी जाते. आणि नावं जातात. गुरम्मांचं मराठी सगळंच गेलं. कन्नडचेही तुकडेच राहिले, तेही जड जिभेतून घसरत बाहेर पडायचे. सोमशेखर घरी असला की आईच्या उशाशी बसायचा, तेवढा वेळ ती शांत असायची, दोन शब्द बोलायची, तो चार बोलायचा आणि ड्यूटीवर जायचा. उरलेला सगळा वेळ चंद्रिकाचा.

आणि त्या सगळ्या वेळात म्हातारी एकच शब्द म्हणायची.

"सोसी… सोसी…"

चंद्रिका स्वयंपाकघरात असली की आतून यायचं, सोसी. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की जिन्यातून ऐकू यायचं, सोसी. कधी बारीक, कधी रडवेलं. चंद्रिकाला अर्थ लावायला फार वेळ लागला नाही. सोसत नाही. सोसेना. एवढा एक मराठी शब्द तेवढा बाईच्या दुःखानं धरून ठेवलाय, असं तिला वाटलं, आणि तिचं काळीज हललं. ती धावत जायची, कूस बदलायची, पाठीला तेल लावायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. म्हातारी गप व्हायची. मग पुन्हा ती बाहेर गेली की, सोसी.

कॉलेजच्या वेळेत बघायला बाळाबाई ठेवली होती. मोहोळकडची, अंगानं दणकट आणि बोलण्यात मोकळी. ती रोज संध्याकाळी हिशेब दिल्यासारखी सांगायची, "तुमी गेल्या की लई सुरू हुतंय बगा. सोसंना, सोसंना. जीव नुसता दारात. तुमी आलात की गप पडत्यात. तुमच्या हाताला गुण हाय."

सोमशेखरनं फोनवर विचारलं की आई काय म्हणती, तर चंद्रिका सांगायची, "सोसत नाही म्हणतात." तो म्हणायचा, "गोळी वाढवून घे मग." तिनं डॉक्टरांना सांगितलं, दुखणं सोसत नाही म्हणतात. डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोळीनं म्हातारी दिवसाही गुंगायला लागली. जाग आली की पुन्हा तेच.

माघ सरला तोवर चंद्रिका पार पिंजून गेली होती. रात्री चार वेळा उठणं, सकाळी डायपर, आंघोळ, पेज, मग साडी गुंडाळून कॉलेज, तिथं टी. वाय. चे तास, परत येऊन पुन्हा पेज. वर्गात ती फळ्याला टेकून उभी राहायला लागली. एकदा ऐकून लिहायला सांगितलेलं वाक्य तिनं तीनदा तेच वाचलं आणि पोरांनी तीनदा लिहून घेतलं. पण कामानं ती मोडली नव्हती. तिला मोडलं त्या शब्दानं. आपण इतकं करतो आणि या बाईला सोसत नाही. चोवीस तास कुणीतरी तुमच्या तोंडावर सांगत राहिलं की तुमच्या घरात मला सोसत नाही, तर माणूस किती दिवस मायेनं करणार? तिला सासूबाईंचा राग यायला लागला. रागाची लाज वाटायला लागली, आणि लाजेनं ती आणखीनच थकली.

शेवटी तिनंच मायाक्काला फोन केला. मायाक्का वयानं मोठी, मनानं चांगली, पण तिचे स्वतःचे गुडघे गेलेले, सून रानात जाणारी.

"आण की हिकडं," मायाक्का म्हणाली. "मागल्या खोलीत कॉट टाकतो. आमी रानात गेलो तर शेजारीण बघंल. तुजं बी वरीस संपंल तवर तरी राहू दे. मग बगू."

मग बघू म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. एकदा कॉट हलली की ती परत येत नाही. सोमशेखरही हो म्हणाला. बायकोचा चेहरा त्याला दिसत होता. रविवारी दहा वाजता मायाक्का दिराबरोबर गाडी घेऊन येणार असं ठरलं. फोन ठेवल्यावर चंद्रिकाला इतकं हलकं वाटलं की ती तिथंच जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली.

आदल्या दिवशी, शनिवारी, टी. वाय. चा तास होता फो-झामींचा. शब्दशः, खोटे मित्र. दोन भाषांत सारखे दिसणारे, सारखे ऐकू येणारे आणि अर्थाला भलतेच निघणारे शब्द. हा तास तिचा हातखंडा. दरवर्षी याच तासाला वर्ग हसायचा, कारण मागच्या पोरांनी केलेले घोटाळे तिनं तोंडपाठ जपून ठेवले होते. फळ्यावर तिनं पहिला शब्द लिहिला, पँ.

"हेच स्पेलिंग इंग्रजीत वाचलं तर पेन होतं. दुखणं. एका मुलानं परीक्षेत लिहिलं होतं, माझ्या आजीला फार पँ आहे. म्हणजे?"

"आजीकडं लई भाकरी हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला. तिनं दुसरा शब्द लिहिला, ब्लेसे. इंग्रजीच्या आधारानं कुणालाही तो आशीर्वाद वाटावा. असतो जखमी करणं. एका भाविक मुलीनं निबंधात लिहिलं होतं की सिद्धेश्वरानं आमच्या सगळ्या घराला जखमी केलं. झीनत नावाची एक पोरगी आहे वर्गात, ती हसताना बाक बडवते. तिनं बाक बडवला. चंद्रिका यांत्रिकपणे पुढं गेली. आतांद्र, म्हणजे वाट पाहणं. पोरं इंग्रजी अटेंडवरून त्याचा अर्थ हजर राहणं करतात आणि लिहितात, मी रोज सकाळी कॉलेजची वाट पाहतो.

"हा दोष फ्रेंचचा नाही," ती म्हणाली. "आपण मूळ शब्द ऐकतच नाही. ओळखीचा वाटला की आपला अर्थ त्याच्यावर लादतो आणि पुढं जातो. म्हणून ज्या शब्दाची ओळख वाटते, त्याच्याजवळ जरा थांबायचं."

हे वाक्य ती दरवर्षी म्हणायची. त्यानंतर एखादं पोरगं नवीन उदाहरण द्यायचं. यंदा धनलक्ष्मीनं हात वर केला. धनलक्ष्मी मोहोळची, मध्येच लग्न झालं, दोन वर्षांचा खंड पडला, आता अक्कलकोट रस्त्याला सासर आहे आणि तिथून येऊन-जाऊन डिग्री पुरी करते.

"मॅडम, हे विंग्रजी-फ्रेंचचंच असतंय का? आमच्या घरी मराठी-कानडीचं रोज चालतंय."

"सांग की."

"माझं लगीन झालं ना, तर सासूबाई येईल त्या बाईला माझ्याकडं हात करून सांगायच्या, नम्म सोसी, नम्म सोसी. मला वाटायचं, आल्या दिवसापासनं गाऱ्हाणं चाललंय, हिला सोसतो म्हणून. आत जाऊन रडायची मी. म्हैनाभर रडल्यावर मालकांनी विचारलं का रडतीस. सांगितलं तर हसाय लागले. नम्म मंजे आमची, सोसी मंजे सून वो मॅडम. कानडीत सुनेला सोसी म्हंत्यात."

झीनतनं पुन्हा बाक बडवला. सगळा वर्ग हसत होता. चंद्रिकाच्या हातात खडू होता. तिनं विचारलं, "हाकही तशीच मारतात?"

"व्हय की. नाव घ्यायचं नसलं की सोसीच. 'ए सोसी' करून वरडत्यात हितनं तितपर्यंत."

चंद्रिका फळ्याकडं वळली. काही लिहायचं होतं म्हणून नव्हे, पोरांना तोंड दिसू नये म्हणून. दिवाळीपासून ती म्हातारी हाक मारत होती. सूनबाई हा शब्द गेला होता आणि त्याच्या जागी आईच्या भाषेतला तोच शब्द उरला होता. बाळाबाई रोज सांगत होती की तुम्ही गेल्या की सुरू होतं, तुम्ही आलात की गप, आणि तिला ते कळलं नव्हतं. हाक मारणाऱ्या बाईला ती दुखण्याची गोळी देत होती. आणि नवऱ्याला, डॉक्टरला, मायाक्काला तिनं एकदाही मूळ शब्द सांगितला नव्हता. सोसी म्हणतात, असं म्हणाली असती तर सोमशेखरला अर्ध्या क्षणात कळलं असतं. ती म्हणाली, सोसत नाही म्हणतात. भाषांतर करून सांगितलं. भाषांतराच्या पेपरला हिनंच किती पोरांचे मार्क यासाठी कापले होते.

तास तिनं पुरा केला. उरलेले शब्द लिहिले, गृहपाठ दिला, घंटेची वाट पाहिली. ही बाई तशीच आहे, तिला तास अर्धा टाकता येत नाही.

आता सगळं कळल्यावर ती धावत घरी गेली असेल, असं कुणालाही वाटेल. ती धावली नाही. कॉलेजच्या फाटकाशी कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिली. वाईट तर वाटत होतंच, पण त्याच्याही आधी आली ती निराशा. उद्या दहा वाजता गाडी येणार होती. उद्या दुपारी ती झोपणार होती. दार लावून, पंखा लावून, कुणी न उठवता. आठवडाभर तिनं त्या एका दुपारच्या आशेवर दिवस ढकलले होते. आणि आता ही धनलक्ष्मी. ही पोरगी सोमवारी हे उदाहरण देती तर काय बिघडलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. थकलेल्या माणसाला थोरपणा सुचत नाही.

घरी आली तर बाळाबाई चपला घालूनच उभी. "आज लई सोसंना चाललं हुतं बगा," ती म्हणाली आणि गेली. चंद्रिका पॅसेजमध्ये थांबली. आतून आवाज आला.

"सोसी."

आता तो शब्द वेगळाच ऐकू आला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे उच्चार दुरुस्त करणारा तिचा कान, त्याला आज कळलं की हा शब्द शेवटाला वर चढतो. कण्हणं खाली उतरतं, हाक वर चढते. हे कुणी शिकवावं लागत नाही. थोडं थांबून पुन्हा आली, सोसी. मग पुन्हा. मध्ये थांबण्याएवढी जागा ठेवलेली, कुणी उत्तर देईल म्हणून.

तिनं उत्तर दिलं नाही. जिभेवर आलेली ओ तिनं गिळली. ओ दिली की संपलं, हे तिला ठाऊक होतं. ही गोष्ट या घरात तिच्या एकटीला माहीत होती. ती बोलली नाही तर उद्या मायाक्का येईल, ठरल्याप्रमाणं आईला घेऊन जाईल, कुणी तिला बोल लावणार नाही. उलट केलं किती म्हणतील. ती आत गेली, न बोलता पेज भरवली, तोंड पुसलं. गुरम्मा गप होत्या आणि डाव्या हातानं तिच्या पदराचं टोक चाचपत होत्या. पूर्वीही त्या तसंच करायच्या. चंद्रिकाला ते आजवर वेदनेचं वाटलं होतं.

वाडीहून सोमशेखरचा फोन आला. "सगळं भरून ठेवलंस का?" तिनं हो म्हटलं. "आई काय म्हणती?" यावर तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "झोपल्यात." खरं होतं. झोपल्याच होत्या.

रविवारी मायाक्का वेळेवर आली. दीर खाली गाडीत बसून राहिला. सामान उतरवायला म्हणून बाळाबाईलाही बोलावलं होतं. कपड्यांची पिशवी, औषधांची पिशवी, चादरी असं सगळं दारात मांडून ठेवलेलं. मायाक्का गुडघे धरत कॉटवर टेकली आणि आईचा हात हातात घेऊन मोठ्यानं, कानडीत, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "अव्वा, होटगीगी होगूणु, नडी."

चल होटगीला, हे ऐकून गुरम्मांचा चेहरा क्षणभर उजळला. तिथं त्यांचं घर होतं, सगळं आयुष्य होतं. मग त्यांनी मान मोठ्या कष्टानं फिरवली आणि दाराकडं पाहिलं.

"सोसी?"

"सोसी इल्ले इर्ताळ," मायाक्का म्हणाली. सोसी इथंच राहणार. एवढं कानडी चंद्रिकाला येत नव्हतं, तरी कळलं.

म्हातारीनं लेकीच्या हातातून आपला हात काढून घेतला. चांगला होता तो एकच हात. त्यानं त्यांनी कॉटची दांडी धरली. "सोसी," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि पुन्हा.

चंद्रिका उंबऱ्याबाहेर होती, पाण्याची बाटली घेऊन. आणखी दोन मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिलं असतं तरी काम झालं असतं. शेजारी बाळाबाई पिशव्या उचलायला वाकली होती. ती तशीच वाकून, मान हलवत हळहळली, "बगा, परत सुरू झालं. सोसंना म्हणत्यात, बिचाऱ्या."

आणि एवढं मात्र चंद्रिकाला ऐकवलं नाही. चूक अर्थ समोर लागलेला बघून गप बसणं तिच्या हाडात नव्हतं.

"सोसंना नाही, बाळाबाई," ती म्हणाली. "त्या मला हाक मारतायत."

मग तिनं खोलीत पाहिलं आणि ओ दिली.

गुरम्मांची बोटं दांडीवरून सुटली. मायाक्का एकदा आईकडं, एकदा भावजयीकडं बघत राहिली. "तुला कानडी कवापासनं कळाय लागलं?"

"कालपासून," चंद्रिका म्हणाली. "एकच शब्द." तिनं बाटली टेबलावर ठेवली. "मायाक्का, नेऊ नका यांना. राहू द्या इथंच."

"अगं, पण तू बघ की तुझ्याकडं. किती थकलीस."

"थकलेय," चंद्रिका म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही. "लई थकलेय, मायाक्का. तुम्ही चार दिवस राहा इथं, मला झोपू द्या, आणि उठले की यांच्याशी बोलायला शिकवा."

असं म्हणून ती कॉटच्या कडेला बसली. गुरम्मांनी पदराचं टोक धरलं आणि डोळे मिटून घेतले.